बाटलीचा भाव आणि हंगामाचा हिशोब

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

दसरा उलटतो, दिवाळी तोंडावर येते आणि वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी कृषी केंद्रांसमोर गर्दी वाढू लागते. दर्यापूर घ्या, अकोट घ्या, मूर्तिजापूर नाही तर अंजनगाव घ्या, बोलणे सगळीकडे एकाच धाटणीचे. "भाऊ, बोंडात अळी दिसून राह्यली. काही जालीम असंन तं दे." दुकानदार मागच्या फळीवरून एक बाटली काढतो, तिच्या जोडीला दुसरी देतो आणि उधारीच्या वहीत आणखी एक ओळ चढते. शेतकरी मोटारसायकलला थैली अडकवून परत निघतो. वाटेत त्याच्या मनात एकच हिशोब असतो, बाटली कितीची आणि पीक कितीचे.

हा हिशोब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आणि दुसरीकडे, "जैविक उपाय करा, ते स्वस्त असतात" असे सांगणाऱ्यांचा हिशोबही पुष्कळदा तितकाच अपुरा असतो. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे मुख्यतः कोरडवाहू कापसाचे. इथे एकरी उत्पन्न बेताचे, त्यामुळे पाचशे-हजार रुपयांचा फरकही घरात जाणवतो. म्हणून रासायनिक आणि जैविक कीडनियंत्रणाचा खर्च दोन्ही बाजूंनी, काही न लपवता, मांडून पाहणे आवश्यक आहे.

शत्रू कोण?

कपाशीवरच्या किडींचे ढोबळ मानाने दोन गट आहेत. पहिला रस शोषणाऱ्या किडींचा. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी या किडी जुलै-ऑगस्टपासून पानांवर दिसू लागतात. दुसरा गट बोंडअळ्यांचा. त्यात हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी आणि शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी अशा तिघी आहेत.

आज वऱ्हाडात सगळ्यात जास्त झोप उडवणारी आहे ती गुलाबी. तिचा पतंग पात्यांवर, फुलांजवळ, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच आत शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. फूल नीट न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहिले, की शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. ती या अळीची पहिली खूण. एकदा अळी बोंडात गेली, की बाहेरून कितीही जालीम औषध फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. खर्चाच्या हिशोबातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. वेळ चुकलेली फवारणी स्वस्त असो की महाग, तिचे सगळे पैसे वाया जातात.

रसायनाचा खर्च वाढत कसा गेला?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके आपल्याकडे आली. थोड्या औषधात अळ्या पटापट मरू लागल्या. जुन्या शेतकऱ्यांना ते दिवस आठवत असतील. पण १९८७ मध्ये आंध्रात अमेरिकन बोंडअळी या औषधांना दाद देईनाशी झाली आणि पुढे हीच तक्रार कापूस पिकवणाऱ्या सगळ्या पट्ट्यांतून येऊ लागली. अळी मरत नाही म्हणून मात्रा वाढली, दोन औषधे एकत्र होऊ लागली, फवारण्यांची संख्या वाढली. देशाच्या एकूण पीकक्षेत्रापैकी पाच टक्क्यांच्या आसपास जमीन कापसाखाली आणि एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी एकट्या कापसावर, अशी त्या काळातली स्थिती होती.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जमिनीतल्या जिवाणूचे जनुक बियाण्यात घातले, की झाडच अळीला मारक प्रथिन तयार करते. सुरुवातीला साडेचारशे ग्रॅमची थैली सोळाशे रुपयांच्या घरात होती. २००६ मध्ये ती साडेसातशेच्या आसपास आली. म्हणजे बोंडअळीच्या बंदोबस्ताचे पैसे शेतकरी पेरणीच्या वेळीच, बियाण्याच्या थैलीतून देऊ लागला. काही वर्षे त्याचा मोबदलाही मिळाला आणि बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या. पण अनेक संकरित वाण रसशोषक किडींना बळी पडणारे निघाले आणि त्यांच्यावरची फवारणी वाढली. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला जुमानत नसल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात दोन जनुकांच्या बीटी कपाशीतही धुमाकूळ घातला. थैलीचे पैसे गेलेच होते, आता बाटलीचेही पुन्हा सुरू झाले.

याचा अर्थ रसायन निरुपयोगी असा घ्यायचा नाही. योग्य कीड, योग्य औषध, योग्य वेळ जुळली तर एका फवारणीने पीक वाचते. पण कीड प्रतिकारक्षम होत गेली, की तेवढाच परिणाम मिळवायला दरवर्षी थोडे अधिक पैसे लागतात. बाटलीवरच्या किमतीत हे कुठे लिहिलेले नसते.

जैविक म्हणजे नेमके काय?

जैविक उपाय म्हटले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दशपर्णी अर्काचे पिंप येते. प्रत्यक्षात या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा आहे.

पहिली, मित्रकीटक. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशीची दूरची बहीण. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. प्रयोगशाळेत तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर तिची वाढ करतात आणि ती अंडी एका कागदाला चिकटवतात. हेच ट्रायकोकार्ड. गुलाबी बोंडअळीसाठी तिचीच भावकीतली ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात वापरली जाते. हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी साधारण तीन कार्डे एका वेळेला, असे प्रमाण सांगितले जाते. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळच्या वेळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. ही माशी अंड्यावर काम करते, आणि गुलाबी बोंडअळी हाती लागते ती अंड्यात असतानाच. त्यामुळे नेमक्या त्या फटीत हा उपाय बसतो.

दुसरी, विषाणू. अमेरिकन बोंडअळीला एचएनपीव्ही नावाच्या विषाणूचा रोग होतो आणि ती झाडाच्या शेंड्याला उलटी लटकून मरते. अशा रोगट अळ्यांपासून बनवलेले द्रावण हेक्टरी २५० एल.ई., म्हणजे सुमारे अडीचशे अळ्यांचा अर्क, या प्रमाणात फवारतात. उन्हात हा विषाणू टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि द्रावणात थोडा गूळ व राणीपाल मिसळायचे. कपाशीत आता याची गरज कमी पडते, पण तूर आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी तो वऱ्हाडात अजूनही कामाचा आहे. गुलाबी बोंडअळीवर मात्र त्याचा उपयोग नाही.

तिसरी, निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्या भरडून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळायच्या, शंभर लिटर पाणी करायचे आणि दोनशे ग्रॅम धुण्याची पावडर टाकायची. हा पाच टक्के अर्क. तो किडीला लगेच मारत नाही. तिची भूक आणि वाढ मंदावतो, अंडी घालण्यापासून तिला परावृत्त करतो.

चौथी, कामगंध सापळे. मादीच्या वासाने नर पतंग सापळ्यात येतात. हेक्टरी पाच सापळे किडीची चाहूल देण्यापुरते असतात, सगळे पतंग पकडण्यासाठी नसतात. दारावरच्या घंटीसारखे त्यांचे काम आहे.

या सगळ्यांना मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. ट्रायकोकार्ड म्हणजे जिवंत माल. ते मोटारसायकलच्या टपावर उन्हात ठेवून गावी आणले तर शेतात नुसता कागद टाचल्यासारखे होते. कार्ड लावल्यावर आठवडाभर विषारी फवारणी करता येत नाही. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी वेचून, वाळवून ठेवाव्या लागतात. ऑक्टोबरात अळी दिसल्यावर त्या शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

वहीतला हिशोब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. खालचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातला औषधाचा आणि मजुरीचा भाव त्या जागी घालावा. बेरजेची रीत तीच राहील.

समजा, एका रासायनिक फवारणीला एकरी पाचशे रुपयांचे औषध लागते आणि पाणी आणणे, पंप, मजूर मिळून तीनशे. म्हणजे फवारणीमागे आठशे. हंगामात पाच फवारण्या झाल्या तर एकरी चार हजार, आठ झाल्या तर सहा हजार चारशे.

दुसऱ्या वाटेने जाऊ. ही वाट निव्वळ जैविक नाही, मिश्र आहे. निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या. एकरी दोनशे लिटर पाण्याला दहा किलो निंबोळ्या. त्या वेचण्या-भरडण्याची मजुरी दोनशे आणि फवारणीचे तीनशे असे प्रत्येकी पाचशे, म्हणजे हजार रुपये. दोन सापळे आणि हंगामभराच्या गोळ्या, म्हणजे लुअर, अडीचशे. ट्रायकोकार्डे तीन वेळा, प्रत्येक वेळी तीन, शंभर रुपयांना एक धरले तर नऊशे. गरज पडली म्हणून एक रासायनिक फवारणी, आठशे. आणि दर आठवड्याला तासभर शेतात हिंडून किडी मोजण्याचा वेळ. तो पंधरा आठवड्यांचा पंधरा तास होतो. दिवसाची मजुरी तीनशे धरली तर दोन दिवसांचे सहाशे. एकूण बेरीज तीन हजार साडेपाचशे.

पाच फवारण्यांच्या तुलनेत एकरी साडेचारशे रुपये वाचले. आठ फवारण्यांच्या तुलनेत जवळपास एकोणतीसशे. पण जो शेतकरी चार किंवा कमी फवारण्यांत भागवतो, त्याला वहीत रसायनच स्वस्त दिसेल. आणि समजा कार्डे उन्हात मेलेली निघाली आणि त्यामुळे आणखी एक फवारणी करावी लागली, तर मिश्र वाटेचा खर्च चार हजार साडेतीनशेवर जातो, म्हणजे पाच फवारण्यांपेक्षाही महाग. "जैविक म्हणजे स्वस्त" हे वाक्य म्हणूनच सरसकट खरे नाही. फवारण्या वाढत चालल्या असतील आणि कार्ड ताजे मिळत असेल, तेव्हा ते खरे ठरते.

बेरजेपेक्षाही लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पैसा जातो कुठे. पाच फवारण्यांच्या चार हजारांपैकी अडीच हजार रोख किंवा उधारीने दुकानात जातात. मिश्र वाटेत सापळे, कार्डे आणि एका फवारणीचे औषध मिळून सोळाशे पन्नास बाहेर जातात. उरलेले एकोणीसशे रुपये म्हणजे मजुरी. घरात हात असतील तर ती घरातच राहते, नसतील तर गावात राहते. उधारीवर औषध घेणाऱ्याला पुढे कापूस कुणाला आणि कोणत्या भावाने द्यायचा याचेही स्वातंत्र्य कमी उरते, हे वऱ्हाडात कुणाला वेगळे सांगायला नको.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. निंबोळ्या वेचणे, भरडणे, कार्डे टाचणे ही कामे बहुधा घरातल्या बायांच्या वाट्याला येतात. निंदण आणि वेचणीच्या दिवसांत त्यांच्या हाताला आधीच उसंत नसते. ती मजुरी वहीत शून्य धरली, तर जैविक उपाय स्वस्त दिसतात. पण तो हिशोब खोटा असतो. वर ती धरली आहे ती याच कारणाने.

वहीत न चढलेला खर्च

काही खर्च असे आहेत, की ते कुणाच्याच वहीत चढत नाहीत.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. अकोला, अमरावतीसह विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतूनही विषबाधेच्या बातम्या आल्या. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. उंच पिकात पंपाचा फवारा वर धरावा लागतो आणि तो तोंडावर येतो. उकाड्यात अंगावर साधा सदरा, हातात मोजे नाहीत, तोंडाला मास्क नाही, अशीच फवारणी होत होती. फवारणाऱ्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारे मजूरही होते. त्यांच्या आजारपणाचा खर्च शेतमालकाच्या वहीत नाही आणि दुकानदाराच्या बिलातही नाही. तो त्यांच्या घराने सोसला. आपण वर फवारणीची मजुरी तीनशे रुपये धरली, तेव्हा हा धोका त्यात धरलेला नव्हता.

दुसरा न दिसणारा खर्च मित्रकीटकांचा. कपाशीवर ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या आणि कोळी फुकटात मावा नि तुडतुडे खात असतात. हंगामाच्या सुरुवातीलाच जहाल औषध मारले, की आधी तेच मरतात. कीड लवकर परत वाढते, मित्रकीटक उशिरा. मग दुसरी फवारणी पहिलीमुळेच करावी लागते. पाच फवारण्यांतल्या किती किडीने करायला लावल्या आणि किती आधीच्या फवारणीने, हे एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहावे.

मित्रकीटकांचे मोल किती असते याचे उदाहरण फार जुने नाही. २००६ च्या आसपास कपाशीवर पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात, तो देशभर पसरला. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे औषध नीट लागत नाही. लोक फवारून थकले. २००८ मध्ये त्याच्या पोटात वाढणारी एनासियस नावाची बारीक माशी शास्त्रज्ञांच्या नजरेस आली. ती कुणी मुद्दाम आणून सोडलेली नव्हती. तिने पुढच्या हंगामांत त्या किडीला बऱ्याच अंशी आवर घातला. एवढ्या मोठ्या कामाचे बिल एकाही शेतकऱ्याला आले नाही.

एकट्याचा खर्च आणि गावाचा खर्च

जैविक उपायाला लागणारी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे शेजारी. तुमच्या दोन एकरांत ट्रायकोग्रामा सोडली आणि धुऱ्यापलीकडे दुसऱ्या दिवशी जहाल फवारणी झाली, तर वाऱ्याने आलेला फवारा तुमचे नऊशे रुपये घेऊन जातो. उलट गावाने मिळून एकाच आठवड्यात कार्डे लावली, तर गाडी एकदाच जाते, माल थंड डब्यातून येतो आणि माशीला गावभर खाद्य मिळते.

१९९८ पासून नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा या गावी राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी कोरडवाहू कपाशीत हाच धडा गावपातळीवर गिरवला होता. ट्रायकोग्रामा, विषाणू आणि निंबोळी अर्क यांचा वापर तिथे एकट्या-दुकट्या शेतात न करता गावाच्या शिवारात झाला. वऱ्हाडाला तर यासाठी लांब जायलाही नको. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून इथल्याच मातीत काम करीत आहेत. २००९ पासून राज्यात क्रॉपसॅप या योजनेतून किडींचे सर्वेक्षण होते. २०१८ मध्ये राज्य शासनाने पंजाबरावांच्याच नावाने सुरू केलेल्या सेंद्रिय शेतीच्या मिशनचे मुख्यालय अकोल्यातच ठेवले. ज्ञान हाताच्या अंतरावर आहे. उणीव आहे ती ताजे कार्ड वेळेवर गावात पोचवणाऱ्या साखळीची. एखाद्या बचत गटाने निंबोळी पावडर आणि ट्रायकोकार्डांचे काम हाती घेतले, तर घरातल्या बायांच्या ज्या मजुरीला आज मोल नाही तिला मोल मिळेल आणि कार्ड उन्हात मरणार नाही.

साडेदहा किलो कापूस

मग फवारायचे की नाही, हे ठरवायचे कसे? शास्त्रज्ञ याला आर्थिक नुकसान पातळी म्हणतात. शब्द जड आहे, पण आत साधा व्यवहार आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, म्हणजे किलोला सुमारे ७७ रुपये. आठशे रुपयांची फवारणी परवडायची तर तिने एकरी निदान साडेदहा किलो कापूस वाचवला पाहिजे. एका बोंडात चार ग्रॅम कापूस धरला तर ही झाली सुमारे दोन हजार सहाशे बोंडे. तीन फूट बाय दोन फूट अंतरावर एकरी सात हजारांवर झाडे बसतात. म्हणजे तीन झाडांमागे एक बोंड वाचत असेल, तरच फवारणीचे पैसे निघाले. पानावर एखादा तुडतुडा दिसला म्हणून पंप उचलला, तर तीन झाडांमागचे एक बोंड आपणच विकून टाकले.

हाच हिशोब उलटाही वाचावा. अळीने एकरी अर्धा क्विंटल कापूस खाल्ला तर ३,८५५ रुपये गेले. म्हणजे मिश्र वाटेच्या पूर्ण हंगामाच्या खर्चापेक्षा जास्त. शेतकरी बाटलीकडे धावतो तो अडाणीपणाने नाही, या भीतीने. ही भीती खरी आहे. तिला उत्तर द्यायचे तर नुसता उपदेश पुरत नाही, आकडा लागतो.

तो आकडा शेतातच मिळतो. मावा पानामागे दहा, तुडतुडे दोन ते तीन, फुलकिडे दहा, पांढरी माशी आठ ते दहा, याच्या खाली संख्या असेल तर थांबावे. गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा वीस झाडांवरचे एकेक हिरवे बोंड फोडून पाहिले आणि दोनांत जिवंत अळी निघाली, तर मात्र वेळ दवडू नये. तेव्हा शिफारशीतले औषध, शिफारशीच्याच मात्रेत आणि अंगभर कपडे, हातमोजे, मास्क घालूनच वापरावे. जैविक वाटेवर चालणाऱ्यानेही यात कमीपणा मानू नये. आपल्या हिशोबात ती एक फवारणी धरलेलीच होती.

सगळ्यात स्वस्त उपाय

एक उपाय बाटलीतही मिळत नाही आणि कार्डावरही. गुलाबी बोंडअळी उन्हाळा काढते ती शेतात उभ्या राहिलेल्या फरदडीत, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगातल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत. डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीत पीक संपवून शेत मोकळे केले, शेळ्या-मेंढ्या चारल्या, पऱ्हाटी बारीक करून मातीत घातली, की तिचा मुक्काम उठतो आणि पुढच्या हंगामाची सुरुवात कमी पतंगांवर होते.

पण यालाही किंमत आहे. फरदडीचा क्विंटल-दोन क्विंटल कापूस मार्चमध्ये, हात अडलेला असताना, रोख पैसे देतो. ते सोडायला सांगणे सोपे, सोडणे अवघड. म्हणून फरदडीचा हिशोबही पुढच्या वर्षाच्या फवारण्यांसकट मांडावा. आणि एकाने पऱ्हाटी काढून दहांनी ठेवली, तर काढणाऱ्याचे नुकसान नक्की आणि फायदा अनिश्चित. इथेही पुन्हा गावच लागते.

येत्या हंगामात एवढेच करून पाहावे. कृषी केंद्राची बिले दोरीला ओवून ठेवतोच, त्याबरोबर एक दोनशे पानी वही घ्यावी. डाव्या पानावर फवारणीची तारीख, औषध, त्याचे पैसे, मजुरी आणि कोणती कीड किती मोजली हे लिहावे. उजव्या पानावर कार्डे, अर्क, सापळे, घरच्या माणसांचे तास आणि कुणाला चक्कर आली, मळमळले, दवाखाना लागला तर तेही. वेचणी संपल्यावर शेजारच्या चार जणांनी आपापल्या वह्या एका पारावर उघडाव्यात. कोणता उपाय कुणाच्या जमिनीत किती रुपयांत पडला, हे अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला मग बाहेरच्या कुणी सांगायला नको.